सुरुवातीची चौकट

पडद्यावर एकच चौकट आहे अजून.
बाकी सगळं पांढरं,
एप्रिलच्या दुपारी तांडापेठेचा रस्ता असतो तसं.
चौकटीत लिहिलंय : सुरुवात.
तिच्या उजव्या कडेला ठिपका,
त्यातून बाण निघायचा आहे.

झिबलकाका निमजे स्टुलावर बसून
पंपाच्या जाळीतलं शेवाळ टूथब्रशनं काढताहेत.
मी सांगितलंय त्यांना, आता फोन तुम्ही नाही, एजंट बघेल,
ताट्या बदलायच्या की मोटर, तो ओळखेल,
पोराला पत्ता पाठवेल.
"अन् तो सुरू कायनं होते?"
पहिल्याच प्रश्नात ते माझ्या चौकटीवर येऊन उभे.

पर्याय तीन.
निरोप आला की.
ठरलेली वेळ झाली की.
कोणी बटण दाबलं की.
मी पहिला निवडते.
मग रकाने : नाव, मोहल्ला, तक्रार.
तिन्हींपुढे तांबडा तारा, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.
चाचणीचा निरोप मीच पाठवते,
नंदनवन, कूलर पाणी फेकत नाही.
ठिपका हिरवा होतो.
माझ्याच प्रश्नाचं माझंच उत्तर,
हिरवं होणारच.

मग काकांचा खरा नंबर जोडला.
"हाव का दुकानात?"
"काही नाही काका, सहजच."
"मागच्या सालावानीच झालं बाप्पा."
एक फोटो, आडवा, कूलरची नुसती पाठ.
एक अंगठा.
प्रत्येकाला चौकट तेच सांगते, न चिडता :
कृपया आपली तक्रार लिहा.
अंगठ्यालाही सांगते.

साडेअकराला इंदोऱ्याहून
यशोधराबाई खोब्रागड्यांचा निरोप,
चार सेकंदांचा आवाज.
बाई बोलतच नाहीत त्यात.
घर्र, घर्र,
आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.
चौकट म्हणाली, मजकूर रिकामा आहे.
आणि थांबली.

काकांनी ब्रश खाली ठेवला.
"पुन्हा लाव."
लावलं.
"पंप कोरडा चालून राहिला. टाकीतलं पाणी सरलं.
गुडघ्याचं आपरेशन झालं न तिचं, बादली उचलत नाही.
पोराले सांग, पहिले पाणी भर,
अन् पैसे नको मागू."

चार सेकंदांत एवढं होतं.
मी तक्रारीपुढचा तारा काढला.
मोहल्ल्यापुढचा काढला.
नावाशी हात अडला, नाव तरी हवं ना.
काका वहीकडे बघत होते,
लकडगंजच्या आरा मशीनचं कॅलेंडर कव्हर घातलेली,
तीस उन्हाळ्यांची वही,
तिच्यात नावं कमी, खुणा जास्त :
"निंबाच्या झाडाची बाई", "कुत्रं चावते".
मी तोही तारा काढला.
आवाज घ्यायची परवानगी दिली, फोटोची दिली,
रिकाम्याचीही दिली.

मला वाटलं झालं.
काका म्हणाले, "अन् जो निरोपच पाठवत नाही, त्याचं?"
म्हणजे?
"होळी जळली का त्याले आपसूक उठव.
दर साली बोलावणारा यंदा चूप असंल,
तर त्याले इचार म्हणा, बरा हायेस का."

होळीची तारीख दर वर्षी सरकते, काका.
इथे आकडा टाकावा लागतो.
"तं सरकव."

म्हणून आता दोन चौकटी आहेत.
दुसरी घड्याळाची, दर फाल्गुनात माझ्या हातानं सरकवायची.
तिनं विचारलं, सुरुवातीला कोणती माहिती द्याल?
द्यायला काय होतं,
न आलेल्या फोनांची यादी.
तीच दिली.
जतन झालं म्हणाली.

काकांनी पंप बादलीत सोडला, वायर खोचली.
नळी दोनदा खोकली.
पाणी आधी हिरवं आलं,
मग, थोड्या वेळानं, नुसतं पाणी.